एर्न्स्ट लाक्योर

एर्न्स्ट लाक्योर (७ ऑगस्ट १८८० – १९ ऑगस्ट १९४७) हे जर्मनीत जन्मलेले आणि नेदरलँड्समध्ये कीर्ती पावलेले औषधशास्त्रज्ञ व संप्रेरकशास्त्रज्ञ होते. टेस्टोस्टेरॉन हे प्रमुख पुरुष-संप्रेरक बैलाच्या वृषणांतून शुद्ध स्फटिकरूपात वेगळे करणाऱ्या ॲमस्टरडॅम येथील संशोधकगटाचे ते प्रमुख होते. या पदार्थाला 'टेस्टोस्टेरॉन' हे नावही याच गटाने १९३५ मध्ये दिले. ऑर्गानॉन या डच औषधकंपनीच्या तीन संस्थापकांपैकी ते एक होत.

शरीरातील संप्रेरक केवळ किती आहे हे पाहून भागत नाही, त्यातले किती प्रत्यक्ष कार्य करते हे मोजावे लागते. आज वैद्यकात रूढ असलेला हा विचार लाक्योर यांच्या प्रयोगशाळेतील कामाचा कणा होता. त्या काळी रक्तातील टेस्टोस्टेरॉन मोजणारे कोणतेही यंत्र नव्हते. कोंबड्याचा तुरा आणि उंदराचे शुक्राशय हीच मोजमापाची साधने होती.

प्रारंभीचे जीवन

लाक्योर यांचा जन्म सायलेशिया प्रांतातील ब्रेस्लाऊ शहराजवळच्या ओबेर्निग्क या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हा प्रदेश तेव्हा जर्मन साम्राज्यात होता. आज तो पोलंडमध्ये असून ब्रेस्लाऊचे नाव व्रॉत्स्वाफ असे आहे. वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केल्यावर रुग्णसेवेपेक्षा त्यांचा ओढा शरीरक्रियाशास्त्राकडे राहिला. हाले आणि नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे त्यांनी काम केले. ग्रोनिंगेनमधील वास्तव्यामुळे डच विद्यापीठीय जगाशी त्यांचा जो परिचय झाला, तो पुढे उपयोगी पडला.

पहिल्या महायुद्धातील त्यांचे कार्य चरित्रकाराला अवघड वाटावे असे आहे. औषधशास्त्रज्ञ रूडोल्फ माग्नुस यांच्यासमवेत त्यांनी फॉस्जीन या युद्धात वापरलेल्या विषारी वायूचा प्राण्यांच्या फुप्फुसांवर होणारा परिणाम अभ्यासला. हे संशोधन १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मन व्याप्त बेल्जियममधील गेंट येथे व्यापाऱ्या सत्तेने फ्लेमिश भाषेतील विद्यापीठ चालविले होते. तेथेही त्यांनी अध्यापन केले. ज्या राष्ट्रासाठी त्यांनी ही सेवा केली, त्याच राष्ट्राच्या पुढच्या राजवटीने त्यांना ज्यू म्हणून पदच्युत केले.

ॲमस्टरडॅम आणि ऑर्गानॉन

१९२० मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली आणि अखेरपर्यंत हेच शहर त्यांची कर्मभूमी ठरले. दुसऱ्याच वर्षी कॅनडातील टोरोंटो येथे इन्सुलिनचा शोध लागला. जनावरांच्या स्वादुपिंडापासून औषध काढता येते हे सिद्ध होताच युरोपातील कत्तलखान्यांकडे पाहण्याची दृष्टी पालटली. तोवर टाकून दिला जाणारा भाग आता कच्चा माल ठरला.

नेदरलँड्सच्या दक्षिण भागातील ऑस या गावी साल फान ज्वानेनबेर्ग यांचा मांस-प्रक्रियेचा मोठा कारखाना होता. फान ज्वानेनबेर्ग, लाक्योर आणि जाक फान ऑस अशा तिघांनी १९२३ मध्ये ऑर्गानॉन ही कंपनी स्थापन केली. कारखान्याने ग्रंथी पुरवायच्या, कंपनीने त्यांचा अर्क काढायचा आणि तो अर्क खरोखर किती प्रभावी आहे हे लाक्योर यांच्या विद्यापीठीय प्रयोगशाळेने तपासायचे, अशी ही रचना होती. कंपनीचे पहिले औषध इन्सुलिन होते. त्यामागोमाग 'मेनफॉर्मोन' या नावाने स्त्री-संप्रेरकाचे औषध आले.

विद्यापीठ आणि उद्योग यांची अशी सांगड आज सर्वत्र दिसते. १९२३ मध्ये ती नवी होती. तिचा लाभ उघड होता. शेकडो किलो वृषणे किंवा हजारो लिटर मूत्र मिळवणे एकट्या प्राध्यापकाच्या आवाक्यातले नव्हते. मात्र औषध बनविणाऱ्या कंपनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीनेच त्याची परीक्षा करावी का, हा प्रश्नही या सांगडीतूनच उभा राहतो. लाक्योर यांच्या बाजूने इतके म्हणता येते की मोजमापाच्या बाबतीत त्यांची प्रयोगशाळा चोख होती आणि तिचे निष्कर्ष इतरत्रही पडताळले गेले.

पुरुषांच्या मूत्रातील स्त्री-संप्रेरक

१९२० च्या दशकात लैंगिक संप्रेरकांविषयी सर्वमान्य समजूत सोपी होती. पुरुषात पुरुषाचे, स्त्रीत स्त्रीचे संप्रेरक असते आणि ती एकमेकांची शत्रू असतात, असे मानले जाई. १९२७ मध्ये लाक्योर आणि त्यांचे सहकारी एलिझाबेथ डिंगेमान्से, हार्ट व डी यॉंग यांनी निरोगी पुरुषांच्या मूत्रात स्त्री-संप्रेरक सापडल्याचे जाहीर केले. वृषणांच्या अर्कातही ते आढळले. या वृत्ताने समकालीन संशोधक गोंधळले. हे संप्रेरक अन्नातून आले असावे, येथपासून ते तपासलेले पुरुष मुळात निरोगी नसावेत, येथपर्यंत निरनिराळे तर्क लढवले गेले.

आज याचे उत्तर ठाऊक आहे. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही अंश ॲरोमॅटेज या विकराच्या साहाय्याने एस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो आणि पुरुषाची हाडे बळकट राहण्यासाठी तो आवश्यक असतो. ॲमस्टरडॅमच्या गटाला ही यंत्रणा माहीत नव्हती; पण मोजमाप समजुतीच्या विरुद्ध गेले तेव्हा त्यांनी मोजमापावर विश्वास ठेवला.

तुऱ्याची मोजणी

वृषणांत काही प्रभावी द्रव्य असते ही कल्पना जुनी होती. १८४९ मध्ये ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी कोंबड्यांवर प्रयोग केले. खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, पण त्याच्या पोटात वृषण पुन्हा बसविले तर तुरा भरदार राहतो, असे त्यांना दिसले. वृषण मूळ जागी नसले तरी चालते, म्हणजे त्याचा प्रभाव रक्तावाटे पोहोचत असला पाहिजे.

पुढे १८८९ मध्ये ७२ वर्षांचे फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा पाणीदार अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याची ग्वाही दिली. युरोप-अमेरिकेत या उपचाराची लाटच आली. वस्तुतः टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, शिवाय वृषण हे संप्रेरक साठवून ठेवत नाही, तयार होताच रक्तात सोडते. त्या अर्कात प्रभावी द्रव्य नगण्य असणार. ब्राउन-सेकार यांनी मनगटाचा जोर उपकरणाने मोजला होता, पण मोजणारा आणि मोजला जाणारा एकच होता. संप्रेरकशास्त्राची पुढची कित्येक वर्षे या प्रकरणाचा डाग पुसण्यात गेली.

हा डाग पुसायचा तर निःपक्षपाती मापक हवा होता आणि तो पुन्हा कोंबड्यातच सापडला. शिकागो येथे फ्रेड कॉख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकाअखेर खच्ची कोंबड्याच्या तुऱ्याची वाढ हे परिमाण मानून अर्काचे सामर्थ्य ठरवण्याची पद्धत बसवली. ठरावीक दिवस अर्क टोचायचा आणि तुऱ्याची लांबी व उंची मिलिमीटरमध्ये मोजायची, किंवा तुऱ्याची सावली कागदावर घेऊन क्षेत्रफळ काढायचे. कोंबड्याला आशा नसते आणि औषधाच्या किमतीशीही त्याला कर्तव्य नसते, हीच या पद्धतीची थोरवी होती.

तिच्या उणिवाही लवकरच समोर आल्या. कोंबड्याची जात व वय, अर्क टोचला की थेट तुऱ्यावर चोळला, त्यासाठी कोणते तेल वापरले, यांनुसार आकडे बदलत. एका प्रयोगशाळेचे 'कोंबडा-एकक' दुसरीच्या एककाशी जुळत नसे. अखेर १९३५ च्या जुलैमध्ये राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने लंडन येथील परिषदेत आंतरराष्ट्रीय एकक निश्चित केले. स्फटिकरूप ॲन्ड्रोस्टेरॉनच्या ०.१ मिलिग्रॅम इतक्या मात्रेचे सामर्थ्य म्हणजे एक एकक.

टेस्टोस्टेरॉनचा शोध

ॲन्ड्रोस्टेरॉन हा पुरुष-संप्रेरकांच्या वर्गातील पहिला शुद्ध पदार्थ १९३१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी मिळवला होता. त्यासाठी पोलिसांचे सुमारे १५,००० लिटर मूत्र आटवावे लागले आणि हाती आले सुमारे १५ मिलिग्रॅम द्रव्य. पुरुष-संप्रेरक सापडले, असे अनेकांना वाटले. ॲमस्टरडॅममध्ये मात्र शंका होती आणि तिचे मूळ दुहेरी मोजणीत होते.

लाक्योर यांचा गट केवळ तुऱ्यावर विसंबून नव्हता. खच्ची केलेल्या उंदीर-घुशींत शुक्राशय आक्रसतात. प्रभावी अर्क दिला की ती पुन्हा भरतात. ही दुसरी कसोटी लावली असता वृषणांचा अर्क आणि मूत्रातले द्रव्य यांत फरक दिसे. तुऱ्यावर सारखाच परिणाम करणाऱ्या दोन मात्रा घेतल्या, तर वृषणांचा अर्क शुक्राशयांवर अधिक परिणाम करी. ते एकच द्रव्य असते तर दोन्ही कसोट्यांतील प्रमाण सारखेच यायला हवे होते. तेव्हा वृषणात मूत्रापेक्षा निराळे काही असले पाहिजे.

वाटेत एक चकवाही लागला. अर्क जितका शुद्ध करावा तितका त्याचा शुक्राशयांवरील परिणाम घटे. काढून टाकलेला, स्वतः निष्प्रभ असलेला भाग पुन्हा मिसळला की परिणाम वाढे. या अज्ञात साहाय्यकाला 'क्ष-पदार्थ' असे नाव मिळाले. पुढे उलगडा झाला की ते संप्रेरक नव्हतेच. स्निग्धाम्लांसारखे पदार्थ संप्रेरकाचे शोषण मंद करतात, त्यामुळे तीच मात्रा शरीरात अधिक काळ टिकून जास्त काम करते. चुकीच्या नावाने का होईना, एक मोठे तत्त्व येथे हाती लागले होते. मात्रा किती दिली याइतकेच ती किती वेळ उपलब्ध राहिली यालाही महत्त्व असते. टेस्टोस्टेरॉन प्रोपिओनेटसारखी तेलातून टोचायची, सावकाश झिरपणारी औषधे याच तत्त्वावर तयार झाली.

१९३५ च्या मे महिन्यात कारोली डेव्हिड, एलिझाबेथ डिंगेमान्से, यानोश फ्रॉइड (मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड वेगळे) आणि लाक्योर या चौघांनी आपला निबंध पूर्ण केला. बैलांच्या सुमारे १०० किलो वृषणांतून त्यांना सुमारे १० मिलिग्रॅम शुद्ध स्फटिक मिळाले होते. निरोगी प्रौढ पुरुषाचे शरीर दिवसाला ढोबळमानाने ५ ते १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करते. म्हणजे १०० किलो ग्रंथींतून एका माणसाला एखाद-दोन दिवस पुरेल इतकेच द्रव्य निघाले. वृषण साठा करत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही.

निबंधाच्या शीर्षकातच लेखकांनी मुख्य मुद्दा मांडला होता. वृषणांतील हे स्फटिकरूप संप्रेरक मूत्रातून किंवा कोलेस्टेरॉलपासून मिळवलेल्या ॲन्ड्रोस्टेरॉनपेक्षा अधिक प्रभावी आहे, असे ते शीर्षक सांगते. वृषणाचे लॅटिन नाव, स्टेरॉल आणि कीटोन या तिन्हींचे तुकडे जोडून त्यांनी 'टेस्टोस्टेरॉन' हा शब्द घडवला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बुटेनांट यांनी आणि जवळपास त्याच सुमारास झुरिक येथे लेओपोल्ड रुझिच्का यांनी कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन कृत्रिमरीत्या बनवले. कत्तलखान्यावरचे अवलंबित्व त्यामुळे संपले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून जाहीर झाले. नाझी सरकारच्या दबावामुळे बुटेनांट यांना ते तेव्हा नाकारावे लागले; मानपत्र त्यांनी महायुद्धानंतर स्वीकारले. लाक्योर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्या पारितोषिकात समावेश झाला नाही. पदार्थाची रचना सिद्ध करणे व तो घडवणे हे रसायनशास्त्राचे श्रेय निर्विवाद आहे; पण रचना शोधण्याजोगा पदार्थ अस्तित्वात आहे, हे ज्या मोजमापाने दाखवले त्याच्या वाट्याला तुलनेने कमी गौरव आला, असे म्हणावे लागते.

दुसरे महायुद्ध आणि अखेर

मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स व्यापले. त्याच वर्षाच्या अखेरीस ज्यू प्राध्यापकांना कामावरून दूर करण्यात आले. त्यांत लाक्योरही होते. वीस वर्षे उभारलेली प्रयोगशाळा त्यांना सोडावी लागली. नेदरलँड्समधील ज्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश या काळात मारले गेले. लाक्योर त्यातून वाचले.

त्यांची कन्या रेनाटा हिला पतीसह आधी वेस्टरबोर्क आणि तेथून १९४४ मध्ये बेर्गेन-बेल्सेन येथील छळछावणीत नेण्यात आले. तेथे तिने लपून रोजनिशी लिहिली. एप्रिल १९४५ मध्ये कैद्यांना घेऊन निघालेली आगगाडी अनेक दिवस भरकटत राहिली आणि ट्रोबिट्झ गावाजवळ सोव्हिएट सैन्याने तिची सुटका केली. गाडीतील पुष्कळजण भुकेने व टायफसने दगावले होते. रेनाटा लाक्योर वाचली. तिची रोजनिशी पुढे डच भाषेत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि छावण्यांतील रोजनिशा हाच तिच्या विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाला.

युद्ध संपल्यावर लाक्योर यांना फार आयुष्य लाभले नाही. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, वयाची ६७ वर्षे पूर्ण झाल्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

मोजमापाचा पुढील प्रवास

शुद्ध टेस्टोस्टेरॉन औषध म्हणून मिळू लागले, पण कोणाला ते द्यावे आणि किती, हे ठरवायला वैद्यांकडे साधन नव्हते. प्रत्येक रुग्णासाठी खच्ची कोंबडे पाळणे शक्य नव्हते. म्हणून मूत्रातील '१७-कीटोस्टेरॉइड' या वर्गाची रंगपरीक्षा रूढ झाली. डिंगेमान्से यांनी १९४० च्या दशकात हे घटक स्तंभ-वर्णलेखनाने वेगवेगळे करण्याची पद्धत विकसित केली. तीतून परीक्षेची मर्यादाही उघड झाली, कारण या घटकांचा मोठा भाग वृषणांतून नव्हे, तर अधिवृक्क ग्रंथींतून येतो. एकूण आकडा पाहून वृषणांचे कार्य जोखणे म्हणजे दोन विहिरींचे पाणी एका हौदात सोडून एका विहिरीची खोली सांगण्यासारखे होते.

रोझॅलिन यॅलो व सॉलोमन बेर्सन यांनी १९५० च्या दशकाअखेर इन्सुलिनसाठी शोधलेली किरणोत्सर्गी प्रतिरक्षा-परीक्षा नंतर स्टेरॉइड संप्रेरकांनाही लागू झाली आणि रक्ताच्या लहानशा नमुन्यात टेस्टोस्टेरॉन मोजता येऊ लागले. तेव्हा जुना प्रश्न नव्या रूपात परतला. रक्तातले बहुतांश टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना जखडलेले असते. लैंगिक संप्रेरक-बंधक ग्लोब्युलिन त्याला घट्ट धरून ठेवते. अल्ब्युमिनशी त्याची जोड सैल असते. अगदी मुक्त असा अंश सुमारे २ ते ३ टक्केच असतो. मुक्त आणि अल्ब्युमिनला चिकटलेला अंश मिळून होणाऱ्या भागाला जैव-उपलब्ध टेस्टोस्टेरॉन म्हणतात. पेशींना प्रामुख्याने हाच भाग मिळतो असे मानले जाते, जरी याविषयी तज्ज्ञांत पूर्ण एकमत नाही.

हा भेद उपचारात निर्णायक ठरतो. स्थूलपणा, मधुमेहाचा दुसरा प्रकार आणि अवटु ग्रंथीची मंदता यांत बंधक ग्लोब्युलिन कमी होते. अशा पुरुषाचे एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसते, पण मुक्त अंश पुरेसा असू शकतो. केवळ पहिला आकडा पाहून औषध सुरू केले तर ते नाहक ठरते. उलट वार्धक्यात, यकृताच्या काही विकारांत किंवा अवटु ग्रंथीच्या अतिक्रियेत हे ग्लोब्युलिन वाढते आणि एकूण आकडा समाधानकारक असूनही उपलब्ध भाग तुटपुंजा राहतो. बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन मेंदूतील पीयूषिका ग्रंथीचे संदेश दाबून शुक्राणुनिर्मिती मंदावते आणि रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण वाढवू शकते. अपत्याची इच्छा असलेल्या तरुणाला चुकीच्या आकड्यावरून दिलेला उपचार म्हणूनच महागात पडतो.

मुक्त अंश मोजण्याची समतोल-अपोहन ही सर्वांत विश्वसनीय पद्धत वेळखाऊ व खर्चिक आहे. अमोनियम सल्फेटने ग्लोब्युलिनला जखडलेला भाग खाली बसवून उरलेले मोजणे, ही जैव-उपलब्ध अंशाची जुनी रीत होय. व्यवहारात एकूण टेस्टोस्टेरॉन, बंधक ग्लोब्युलिन आणि अल्ब्युमिन यांच्या आकड्यांवरून गणिताने उत्तर काढतात. यासाठी बेल्जियमचे अलेक्स फेर्म्यूलेन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तपासलेले सूत्र बहुधा वापरले जाते. योगायोग असा की फेर्म्यूलेन गेंटचेच. नमुना सकाळी घ्यावा लागतो, कारण दुपारनंतर पातळी उतरते आणि एका कमी आकड्यावर निदान न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे, असा संकेत आहे.

ऑर्गानॉनने पुढे गर्भनिरोधक गोळ्यांसह अनेक संप्रेरक-औषधे बाजारात आणली. तोंडाने घेता येणारे टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट हे त्यांपैकीच एक. २००७ नंतर कंपनी अमेरिकन मालकीत गेली आणि २०२१ मध्ये ऑर्गानॉन याच नावाने पुन्हा स्वतंत्र झाली.